पाहुण्याची वही

मध्यंतरी भालकीच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. पुढील शिक्षणासाठी त्यास दक्षिण कोरियात जावयाचे आहे. त्या देशाची गाणी आणि मालिका आता आपल्या सीमाभागातील खेड्यापाड्यांतही मोबाईलवर पाहिल्या जातात. तेव्हा कोरियाचे नाव त्याच्या पिढीस परके राहिलेले नाही. तो म्हणाला, "सर, अभ्यास तर मी करीनच. पण देश पाहावयाचा म्हणजे नेमके काय पाहावयाचे? जुने राजवाडे आणि विहार पाहू, की नवे कारखाने आणि नगरे पाहू?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकास असा प्रश्न विचारला म्हणजे तो आधी मागे वळून पाहतो. मीही तेच केले, आणि माझ्या ध्यानात आले की हाच प्रश्न सुमारे तेराशे वर्षांपूर्वी कोरियातील एका तरुण विद्यार्थ्यापुढे उभा राहिला होता. तो मात्र येथून तेथे गेला नव्हता. तेथून येथे, आपल्या दक्षिणापथात आला होता. आज त्या पाहुण्याची आणि त्याच्या वहीची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या हकीकतीतच आहे, असे मला वाटते.

कोरिया आणि भारत यांचा संबंध निघाला की बहुधा अयोध्येच्या राजकन्येची कथा सांगितली जाते. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातील कोरियन ग्रंथात ती आहे. दूरच्या 'अयुता' देशाची राजकन्या नौकेतून आली आणि तिने गया राज्याच्या सुरो राजाशी विवाह केला, अशी ती कथा. कथा मनोरम खरी, परंतु कथा म्हणजे पुरावा नव्हे. ज्याचे स्वतःचे शब्द आज आपल्या हाती आहेत, असा कोरियाचा प्रवासी पाहावयाचा असेल, तर आपणांस ह्येचो या भिक्षूकडे वळले पाहिजे.

ह्येचो हा सिल्ला राज्याचा. आजच्या दक्षिण कोरियातील ग्योंगजू हे नगर त्या राज्याची राजधानी होते. त्याचा जन्म इसवी सन ७०४ च्या सुमाराचा समजला जातो. विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच तो शिक्षणासाठी चीनमध्ये गेला, आणि तेथे वज्रबोधी नावाच्या आचार्याचा शिष्य झाला. हा आचार्य मूळचा दक्षिण भारतातला. गुरूचा देश आपल्या डोळ्यांनी पाहावा, बुद्धाची जन्मभूमी पाहावी, या ओढीने हा तरुण समुद्रमार्गे भारतात आला. पूर्व भारतातून मध्य भारत, तेथून दक्षिण, मग पश्चिम आणि उत्तर, पुढे गांधार आणि मध्य आशिया अशी पायपीट करीत तो ७२७ साली चीनच्या पश्चिम सीमेवरील कुचा येथे पोहोचला. या प्रवासाचे त्याने जे टिपण लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ 'पाच भारतखंडांच्या यात्रेचा वृत्तांत' असा होतो.

दक्षिण भारताविषयी तो काय म्हणतो? मध्य भारतातून तीन महिने चालत गेले म्हणजे दक्षिणेच्या राजाचे स्थान येते, असे त्याने लिहिले आहे. त्या राजाजवळ आठशे हत्ती आहेत. त्याचे राज्य दक्षिणेस, पूर्वेस आणि पश्चिमेस समुद्रापर्यंत पसरले आहे. हवा मध्य भारताहून अधिक उष्ण आहे. वेश, अन्न आणि रीतिभाती मध्य भारतासारख्याच आहेत, भाषा मात्र थोडी निराळी आहे. देशात सुती कापड होते, हत्ती, म्हशी आणि गाईबैल आहेत. मेंढ्या थोड्या आहेत. उंट, खेचरे आणि गाढवे नाहीत. राजाचे नाव तो देत नाही. परंतु हा काळ बदामीच्या चालुक्यांचा, आणि विशेषेकरून ६९६ ते ७३३ या काळात राज्य केलेल्या विजयादित्याचा आहे. म्हणून ह्येचोचा हा राजा तोच असावा, असे अभ्यासक मानतात. आपला बीदर-कलबुर्गीचा मुलूख त्या काळी चालुक्यांच्याच छत्राखाली होता. म्हणजे कोरियाच्या एका विद्यार्थ्याने इसवी सनाच्या आठव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या राज्यातून वाटचाल केली आणि ती टिपून ठेवली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ह्येचो भालकीस आला होता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणावयास कोणताही आधार नाही, आणि आधारावाचून आपल्या गावाचे माहात्म्य वाढविणे ही इतिहासाची सेवा नव्हे. तो कोणत्या वाटेने गेला, हे त्याच्या टिपणावरून निश्चित सांगता येत नाही. परंतु ज्या बौद्ध दक्षिणेच्या शोधात तो आला होता, तिचे अवशेष आपल्या अंगणातच आहेत. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती हे गाव आहे. तेथील देवळात मूर्तीखालच्या शिळेवर सम्राट अशोकाचे शासनलेख आढळले, आणि जवळच कनगनहळ्ळी येथे पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात एक भव्य स्तूप उघडकीस आला. त्या स्तूपाच्या एका शिल्पपटावर राजा, राणी आणि परिवार कोरलेला असून वर ब्राह्मी अक्षरांत 'राया असोको' असे स्पष्ट लिहिलेले आहे. अशोकाची प्रतिमा त्याच्या नावानिशी मिळाली, ती पाटण्यात नव्हे. आपल्या भीमेच्या काठी.

ह्येचोने दक्षिणेत एक पर्वतातील प्रचंड विहारही वर्णिला आहे. डोंगर कोरून केलेले खांब, तीन मजले, आणि नागार्जुनाने तो यक्षांकरवी बांधून घेतला अशी जनश्रुती. नागार्जुनाच्या वेळी तेथे तीन हजार भिक्षू राहत, असे त्यास सांगण्यात आले. परंतु तो स्वतः आला तेव्हा विहार ओस पडला होता. एकही भिक्षू नव्हता. हा विहार कोणता, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की, त्याने ऐकलेले आणि पाहिलेले ही दोन्ही शेजारी शेजारी लिहिली. गुरूच्या देशाची कीर्ती ऐकून आलेला विद्यार्थी होता तो. विहार ओस आहे हे लिहिण्याचे टाळले असते, तरी त्यास कोणी विचारणार नव्हते. परंतु त्याने टाळले नाही.

त्याने सामान्य माणसांकडेही पाहिले. या देशात गरीब पुष्कळ आणि श्रीमंत थोडे, हे त्याने नमूद केले. गरिबांच्या अंगावर अपुरे वस्त्र असते, घरोघर रांधावयास मातीची भांडी वापरतात, लोखंडी कढया नाहीत, असेही तो लिहितो. अपराध्यास बेड्या घालीत नाहीत, दंड करून सोडतात, असेही एक विधान त्याच्या टिपणात आहे. हे सर्व प्रांतांस अक्षरशः लागू होते, असे मानणे कठीण आहे. पाहुण्यास यजमानाच्या घरातील तळघर सहसा दाखविले जात नाही. आणि एक गंमत पाहा. दक्षिणेत भातशेती आहे, पण राळ्यासारखी बारीक धान्ये नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्यास हे वाचून हसू येईल. ज्या भूमीवर भरड आणि बारीक धान्यांवरच पिढ्यान् पिढ्या जगल्या, तेथे त्यास भातच दिसला! ज्या मठांत तो उतरला तेथे त्यास भात वाढला गेला असेल, आणि वाटेकडेची शिवारे त्याच्या हंगामात उजाड असतील. कारण काही असो; प्रवाशाचे लिहिणे आदराने वाचावे आणि ताडून पाहावे, एवढा धडा त्यातून मिळतो.

दक्षिणेच्या याच प्रकरणात त्याने घराच्या आठवणीची एक कविता लिहिली आहे. परक्या, उष्ण देशात रात्र पडली आहे आणि एका तरुणास आपल्या घराकडे निरोप पाठवावयास कोणी सापडत नाही, एवढाच तिचा भाव. मोठमोठ्या राजांची आणि विहारांची वर्णने वाचताना जो ह्येचो आपणांस केवळ एक नाव वाटतो, तो या ठिकाणी एकाएकी आपल्या घरचा मुलगा वाटू लागतो.

तो घरी गेला नाही. चीनमध्येच त्याने अध्ययन आणि ग्रंथकार्य केले, आणि आयुष्याची अखेर वुताई पर्वतावर घालविली. त्याची वहीही हरवली. आठव्या-नवव्या शतकांत हुइलिन नावाच्या चिनी भिक्षूने बौद्ध ग्रंथांतील कठीण शब्दांचा एक मोठा कोश केला. त्यात ह्येचोच्या ग्रंथातील शब्दांचे अर्थ दिले होते. ग्रंथ नाहीसा झाला आणि कोशातील त्याचे शब्द तेवढे राहिले. पुढे १९०८ साली फ्रेंच पंडित पॉल पेलिओ तुनह्वांगच्या गुहेत, शतकानुशतके बंद राहिलेल्या हस्तलिखितांच्या राशीपुढे बसला असता त्याच्या हाती एक खंडित गुंडाळी आली. तिचा आरंभ नाही, शेवट नाही. अवघ्या २२७ ओळी उरलेल्या. लेखकाचे नाव कोठेच नव्हते. परंतु पेलिओने त्या कोशातील शब्दांशी ताडून ही ह्येचोची वही असल्याचे ओळखले. आणि तो सिल्लाचा, म्हणजे कोरियाचा, हे जपानी पंडित ताकाकुसु यांनी १९१५ साली दाखवून दिले. एका शब्दकोशाने एका माणसास विस्मृतीतून परत आणले. हा कोश ध्यानात ठेवावा. पुढे आणखी एका कोशाची गोष्ट यावयाची आहे.

ह्येचोनंतर सातशे वर्षांनी आलेला दुसरा एक पाहुणा तर भालकीच्या अगदी शेजारी राहून गेला. रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफानासी निकितिन हा एक घोडा विकावयास घेऊन बहामनी राज्यात आला आणि बीदरला पुष्कळ काळ राहिला. महमूद गवानाच्या वजिरीचा तो काळ. इराणातील गिलानहून आलेल्या या परदेशी वजिराने १४७२ साली बीदरला जो मदरसा बांधला, त्याची निळ्या कौलांची भिंत आजही आपण पाहतो. निकितिनने आळंदची जत्रा आणि तेथील घोड्यांचा बाजार वर्णिला, सुलतानाच्या स्वाऱ्यांचा थाट वर्णिला, आणि त्याबरोबरच हेही लिहिले की उमराव अपार श्रीमंत आहेत, गावची माणसे मात्र फार दीन आहेत. जवळची पुस्तके लुटली गेल्यामुळे आपल्या सणांचे दिवस कोणते, हेही त्यास परदेशात कळेनासे झाले होते. परतीच्या वाटेवर, आपले गाव गाठण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याची वही मात्र व्यापाऱ्यांच्या हातून १४७५ च्या सुमारास मॉस्कोस पोहोचली.

दोन पाहुणे, एक विद्येसाठी आलेला, एक व्यापारासाठी. दोघांनीही राजाचे हत्ती मोजले आणि गरिबाचे वस्त्रही पाहिले. दोघेही घरी पोहोचले नाहीत; त्यांच्या वह्या उरल्या. आपल्या मुलखाचा इतिहास लिहिताना ताम्रपट आणि शिलालेख राजांची वंशावळ देतात. परंतु लोक काय नेसत आणि कशात रांधीत, हे अशा परक्यांच्या वह्या सांगतात. आपल्या बाजूने मात्र या ऋणाची फेड फारच थोडी झाली आहे. म्हणूनच भालकीच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला एकट्याचा वाटत नाही.

आता कोरियाकडे वळू. तेथे त्याने सर्वांत प्रथम काय पाहावे? मी म्हणेन, दुकानांवरच्या पाट्या पाहाव्या. ह्येचोने आपली वही चिनी भाषेत लिहिली, कारण त्याच्या मातृभाषेस स्वतःची लिपीच नव्हती. चिनी अक्षरे ओढूनताणून वापरावी लागत, आणि ती शिकणे उच्चवर्णीयांसच परवडत असे. त्याच्यानंतर सातशे वर्षांनी, १४४३ साली, सेजोंग राजाने अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रजेस दिली. सामान्य माणसास आपल्या मनातील गोष्ट लिहिता येत नाही, हे शल्य त्याने स्वतःच बोलून दाखविले होते. दरबारातील पंडितांनी विरोध केला. चिनी विद्येचा त्याग म्हणजे रानटीपणा, असे त्यांचे म्हणणे. पुढे साडेचारशे वर्षे राजकारभार चिनीतच चालला आणि ही लिपी स्त्रियांची, सामान्यांची म्हणून हिणवली गेली. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या महाराष्ट्रास, बसवेश्वरांच्या कल्याणास, हा वाद नवा नाही. वचनकारांनी कन्नडात आणि संतांनी मराठीत जे केले, त्याचीच ही तिकडची आवृत्ती. फरक एवढाच की तेथे राजानेच प्रजेची बाजू घेतली.

१९१० साली जपानने कोरिया गिळला. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली. १९४० साली लोकांस जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडण्यात आले, आणि कोरियन भाषेतील दोन प्रमुख दैनिके बंद करण्यात आली. या काळात काही भाषाभ्यासक एक शब्दकोश सिद्ध करीत होते. गावोगावचे शब्द जमवीत होते. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांची धरपकड सुरू झाली. शब्द गोळा करणे हा राजद्रोह ठरला. इ युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगातच मरण पावले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले आणि मग नाहीसे झाले. १९४५ साली जपानचा पराभव झाला, आणि त्या सप्टेंबरात सोलच्या रेल्वे स्थानकावरील एका गोदामात कागदांचे गठ्ठे सापडले. ते त्या कोशाचे हस्तलिखित होते. १९४७ ते १९५७ या काळात तो कोश सहा खंडांत छापून पूर्ण झाला. आणि ज्या भाषेस एकदा शाळेतून हाकलले होते, त्या भाषेत लिहिणाऱ्या हान कांग या लेखिकेस २०२४ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्रोतेहो, ही हकीकत सोलच्या संग्रहालयात अनेक देशांचे विद्यार्थी वाचतात. परंतु भालकीचा विद्यार्थी ती निराळ्या प्रकारे वाचील. निजामी राजवटीत उर्दू ही राजभाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा. दोष भाषेचा नव्हता, सक्तीचा होता. भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी त्या काळात बाहेर उर्दू पाटी लावून आत मुलांस कन्नड शिकविले, असे भालकीकर आजही अभिमानाने सांगतात. मराठीचेही तेच. १९०७ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, सुरू झालेल्या नूतन विद्यालयासारख्या संस्थांनी मराठी शिक्षणाचा दिवा प्रतिकूल वाऱ्यात तेवत ठेवला. ज्याच्या गावात पाटीआड भाषा जगली, त्यास गोदामातील त्या गठ्ठ्यांचे मोल कोणी समजावून द्यावयास नको. आणि त्याने तेथून परतताना एक गोष्ट मनात आणावी: १९५६ नंतर भालकीत मराठी ही थोड्यांची भाषा झाली. जी माणसे एकदा पाटीआड शिकली, त्यांनी शेजाऱ्याची भाषा पाटीआड जाऊ देऊ नये. हे कन्नड भाषकांस जितके लागू, तितकेच जेथे मराठी बहुसंख्य आहे तेथे मराठी भाषकांसही लागू.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे रेषा. १९४५ साली अडतिसाव्या अक्षांशावर नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि एका भाषेचा देश दुभंगला. २५ जून १९५० रोजी युद्ध पेटले; २७ जुलै १९५३ रोजी ते शस्त्रसंधीने थांबले; शांततेचा करार मात्र अद्यापि झालेला नाही. या युद्धात आपला देश शस्त्र घेऊन उतरला नाही. कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली आपले वैद्यकीय पथक तेथे गेले. युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जावयास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांचा सांभाळ करण्याचे अवघड काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते कोडगूचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय सेनेचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. एक कर्नाटकाचा, एक महाराष्ट्राचा. दोघांनी मिळून दोन वैरी सैन्यांच्या मधोमध उभे राहून हे काम पार पाडले. जे कैदी कोणत्याच बाजूस जावयास तयार नव्हते असे अठ्ठ्याऐंशी जण १९५४ च्या फेब्रुवारीत आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले, आणि पुढे त्यांतील पुष्कळजण दक्षिण अमेरिकेस गेले. घरी न पोहोचलेल्या माणसांच्या यादीत ह्येचो आणि निकितिन यांच्या मागे ही अठ्ठ्याऐंशी नावेही लिहावी लागतील.

रेषेचा अनुभव आपणांसही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा एकीकडे, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे, जहिराबाद तिसरीकडे. परंतु दोन्ही रेषा सारख्या समजणे हा अविवेक होईल. आपली रेषा ओलांडून लेकी सासरी जातात, बैल बाजारास जातात. तिकडे सख्ख्या भावांस कित्येक दशके एकमेकांची पत्रेही मिळाली नाहीत. तेथील सीमेवर उभे राहिल्यावर आपल्या विद्यार्थ्यास आपले गाऱ्हाणेही योग्य मापात दिसू लागेल, आणि आपले भाग्यही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची आणि सणाची. जुने पाहू की नवे, हा त्याचा मूळ प्रश्न येथे आपोआप सुटतो. कोरियात हिवाळा तोंडावर आला की घरातल्या आणि शेजारच्या बायका एकत्र बसून कोबीची किमची मोठ्या प्रमाणावर घालतात आणि वाटून घेतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात अंगणात खाटा टाकून कुरडया, पापड आणि सांडगे एकमेकींच्या मदतीने होतात, त्याच जातीचे हे काम. पूर्वी किमचीचे रांजण जमिनीत पुरीत. आज उंच इमारतींतून राहणाऱ्यांस जमीन कोठली? तेव्हा तेथील कारखानदारांनी खास किमचीसाठी निराळा फ्रीज तयार केला, आणि तो घरोघर आला. पुरलेल्या रांजणातील थंडावा यंत्रात आणणे, यात जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले? तसेच तेथील चुसोकचे. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस सारा देश शहरे सोडून मूळ गावी निघतो, पूर्वजांस नव्या पिकाचा नैवेद्य दाखवितो, आणि रस्ते वाहनांनी तुंबतात. ज्याने येळवशीस पुण्या-हैदराबादेहून गावी परतणाऱ्यांची गर्दी पाहिली आहे, शेतातील कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा केली आहे आणि भज्जी-आंबील खाल्ली आहे, त्यास चुसोक परका वाटणार नाही. यंत्रयुगाने माणूस गावापासून दूर नेला. परंतु परतावयाची तिथी त्याच्या मनातून पुसली नाही, हे त्यास दोन्ही ठिकाणी दिसेल.

एवढे झाल्यावर त्याने हेइन्सा विहारातही जरूर जावे. तेराव्या शतकात मोंगलांच्या स्वाऱ्या चालू असता कोरियनांनी बौद्ध त्रिपिटक लाकडी ठशांवर कोरले. ते ८१ हजारांहून अधिक ठसे आजही तेथे फळ्यांवर रचून ठेवलेले आहेत. भारतात उगम पावलेले ते विचार भारतात पुष्कळ अंशी हरवले आणि तेथे लाकडात जपले गेले. धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेला, आज उपलब्ध असलेला जगातील सर्वांत जुना ग्रंथ 'जिकजी' हाही कोरियाचाच. तो १३७७ सालचा, म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलाच्या पाऊणशे वर्षे आधीचा. परंतु तो पाहावयाचा तर पॅरिसला गेले पाहिजे. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात तो आहे, आणि त्याच ग्रंथालयात ह्येचोची २२७ ओळींची गुंडाळीही आहे.

आता त्या विद्यार्थ्यास माझे सांगणे. तू देश पाहावयास जाशील तेव्हा भालकी मागे ठेवून जाऊ नकोस. आपले घर ज्याच्या मनात नाही, त्यास परक्याचे घर नुसते देखाव्यासारखे दिसते. ह्येचोस आपल्या देशाची उणीव भासली, म्हणूनच त्यास आपल्या देशातील माणसे दिसली. जे पाहशील ते लिही; ऐकलेले आणि पाहिलेले निरनिराळे लिही; विहार ओस असेल तर ओस लिही. तुझी चूक होईल. आपल्या भूमीवर बारीक धान्ये नाहीत असे त्यानेही लिहिलेच. परंतु चुकीची वहीसुद्धा कोऱ्या वहीपेक्षा पुढच्या माणसाच्या अधिक उपयोगी पडते. आणि ती मराठीत लिही. ह्येचोस आपल्या मातृभाषेत लिहिता आले नाही, कारण तेव्हा तिला लिपी नव्हती. तुझ्या भाषेस लिपी आहे, वाचक आहेत. फक्त तिच्यात कोरिया अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

२०१० च्या डिसेंबरात सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक प्रदर्शन भरले. त्यासाठी पॅरिसच्या ग्रंथालयाने ह्येचोची गुंडाळी उसनी दिली होती. लिहिल्यापासून बाराशे त्र्याऐंशी वर्षांनी ती प्रथमच त्याच्या मायभूमीत आली, काही महिने राहिली, आणि मुदत संपताच परत गेली. स्वतःच्या घरी ती पाहुणी म्हणून आली होती.

तुझी वही तू स्वतः घेऊन घरी ये.